घरांची न संपणारी यादी

गोकर्ण, ५ ऑगस्ट २०२५

शेल्या,

व्हॉट्सॲपवर तू दोन निळ्या खुणा देऊन गप्प बसतोस, म्हणून मेल करतोय. मेलला उत्तर दिलं नाही तर तुला निदान लाज वाटते.

मी अजून गोकर्णातच आहे. पावसात गेस्ट हाऊस बंद असतं, मालक म्हणाला खोल्या रंगवून दे, राहा, जेव. एका खोलीचा पिवळा रंग ओला असताना मांजर भिंतीच्या कडेनं चालत गेलं आणि पंजे उमटले. मालकाला ते इतके आवडले की आता म्हणतो सगळ्या खोल्यांत तसेच पंजे पाहिजेत. मांजर तयार नाही. ते जाऊ दे.

मुद्दा असा की काल मालकाच्या लॅपटॉपवर मी केळफूलचा कोड उघडला. बऱ्याच महिन्यांनी. बघतो तर आपल्या कंपायलरमध्ये एक नवीन फोल्डर, आत ढीगभर कोड आणि प्रत्येक बदलापुढं एकच नाव. ॲनिशा. कोण ही? मला विचारलंस का?

शेल्या, केळफूल आपण दोघांनी काढलं. तुमच्या माळ्यावर बसून, मी डिप्लोमा सोडला त्या वर्षी. मावशी वर चहा पाठवून पाठवून दमली. कॉम्प्युटरच्या भाषेला असलं नाव मी दिलं. केळफुलाचं एक पान काढलं की आत दुसरं, त्याच्या आत आणखी, आणि जेवढं लागेल तेवढंच सोलायचं. आपल्या भाषेचं तत्त्वच ते. कुठलंही काम सांगितलं की कंपायलर लगेच करत बसत नाही, गाठोडं बांधून बाजूला ठेवतो. कोणी खरंच उत्तर मागितलं की मग गाठोडं सोडायचं. कोणी मागितलंच नाही तर ते काम जन्मात होत नाही. बाकी टायपिंग तुझं, चुका शोधणं तुझं, पण गाठोडं माझं आहे.

आणि ह्या बाईंनी बदलापुढं लिहिलंय, ‘गाठोडी कमी केली.’

कमी केली म्हणजे काय? कोणाला विचारून?

केनी

*

सांडोर, ९ ऑगस्ट

प्रिय केनी,

तू जिवंत आहेस हे कळलं, बरं वाटलं. मम्मीला मांजराची गोष्ट सांगितली, ती हसली आणि मग विचारलं, जेवतो का नीट?

ॲनिशा निर्मळ गावची. घरून एका कंपनीचं काम करते आणि दुपारी मोकळी झाली की केळफूल घेऊन बसते. तिला मी शोधलं नाही, तिनं आपल्याला शोधलं. इंटरनेटवर आपली भाषा तिला सापडली, तिनं एक मोठी बेरीज करायला दिली आणि तिचा कॉम्प्युटर गोठला. कारण तुला माहीत आहे. प्रत्येक आकडा मिळवताना आपला कंपायलर बेरीज करत नव्हता, बेरजेचं गाठोडं बांधत होता. गाठोड्यावर गाठोडं, लाखो गाठोडी. शेवटी उत्तर मागितलं तेव्हा सोडायला मेमरीत जागाच उरली नव्हती. हा बग मी तुला गेल्या वर्षी दाखवला होता. तू ‘बघतो’ म्हणालास आणि हर्णैला गेलास.

तिनं कंपायलरमध्ये एक नवा टप्पा घातलाय. आम्ही त्याला अंदाज म्हणतो. कोड चालवायच्या आधी तो विचार करतो, ही वस्तू पुढं नक्की लागणार आहे का? नक्की लागणार असेल तर गाठोडं कशाला बांधा, आताच करून टाका. शंका असेल तर मात्र तुझं गाठोडं जसंच्या तसं. जी बेरीज मशीन गोठवत होती ती आता चहाचा कप उचलेपर्यंत होते. तुझं काही काढलेलं नाही केनी. नको तिथं बांधत नाही, एवढंच.

दुसरं. अठ्ठावीस सप्टेंबरला मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये युवकांचा कार्यक्रम आहे, त्यात मी केळफूल दाखवणार आहे. तू आलास तर फार बरं होईल.

ऑगस्टीन काका ठीक आहेत, गुडघा धरून केळीच्या वाडीत जातातच. परवा विचारत होते, केनी नक्की काय करतो? मी म्हटलं, कंपायलर. म्हणाले, म्हणजे काय? मी समजावलं, आपण लिहिलेलं मशीनकडून करून घेणारा प्रोग्राम. म्हणाले, बरं.

तुझा,
शेल्डन

*

गोकर्ण, १४ ऑगस्ट

शेल्या,

तुझं पत्र मी मोजून बघितलं नाही, पण डोळ्यांना दिसतं ते दिसतंच. तिच्यावर एवढं मोठं, आणि माझ्या बापाच्या गुडघ्यावर अर्धी ओळ.

‘आम्ही त्याला अंदाज म्हणतो.’ हे आम्ही कोण? पूर्वी केळफूलमध्ये आम्ही म्हणजे तू आणि मी. मी इथं डब्यात ब्रश बुडवत उभा आणि तिकडं आम्ही बदललं.

तिचा कोड मी वाचला. व्यवस्थित आहे, ते मान्य. फार व्यवस्थित आहे. एका हॉस्पिटलात एकदा मी इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली होतो, तिथं वायरी अशाच रंगाप्रमाणं लावलेल्या असायच्या आणि मला तिथं झोप यायची. आपला कोड कसा होता? तू कुठं शिवी लिहिलेली, मी कुठं ‘इथं हात लावू नका, का चालतं माहीत नाही’ लिहिलेलं. तिनं ती ओळ काढली. आणि खाली कारण लिहिलंय की हे का चालतं. असं कोणी करतं?

ती माळ्यावर येते का? कुठं बसते? माझ्या खुर्चीत बसवू नको, पाय तुटका आहे, पडेल. म्हणजे बसवच.

खरं सांग, ती तुला हुशार वाटते म्हणून ठेवलीस, का मी परत येत नाही म्हणून? दुसरं असेल तर सरळ सांग, मी येईन. बहुतेक येईन. पुढच्या महिन्यात एक जण उडुपीला बोट रंगवायला बोलावतोय, बोट मी कधी रंगवली नाही, ते बघून मग.

पण माझं म्हणणं लिहून ठेव. अठ्ठावीस तारखेच्या केळफूलमध्ये तिचा अंदाज नको. आपलं जे आहे ते दाखव. हळू चालतं तर हळू चालतं. घाई कोणाला आहे?

केनी

*

सांडोर, २० ऑगस्ट

प्रिय केनी,

खुर्ची मी दुरुस्त केली. ती खिडकीपाशी बसते, स्टुलावर. खुर्ची तशीच आहे.

घाई लोकांना असते. कॉलेजात मुलं माझ्याकडून केळफूल घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात, सर, हँग झालं. मी काय सांगू, ज्यानं बांधलं तो गोकर्णात आहे?

अंदाज ठेवायचा असं मी ठरवलंय. तुला वाईट वाटणार, तरी सांगतो. पण एक गोष्ट करू. यादी कशी वागते, गाठोडं कधी सुटतं, ह्यात तुझी जी नजर आहे ती माझ्याकडे नाही, तिच्याकडेही नाही. तिचं काम तू तपास. शांतपणे, राग बाजूला ठेवून. चुकीचं काही दिसलं तर मला कळव, तुझ्या एका शब्दावर मी अंदाज थांबवीन. काही नाही सापडलं तर तेही कळव, म्हणजे मी निर्धास्त होऊन जोडतो.

तिला मी सांगितलंय की तपासणी केनी करणार. ती म्हणाली, बरं झालं, कोणीतरी करायलाच हवी होती.

उडुपीच्या बोटीच्या आधी कर, एवढीच विनंती.

शेल्डन

*

गोकर्ण, ११ सप्टेंबर
(हे पाठवलं नाही. मसुद्यांत पडून आहे.)

शेल्या शेल्या शेल्या,

सापडला.

राग बाजूला ठेव म्हणालास. ठेवला असता तर सापडलाच नसता. तीन आठवडे तिच्या प्रत्येक ओळीत काहीतरी घाण शोधत होतो, बोटीवाल्याला नाही म्हटलं, मालकाच्या दोन खोल्या तशाच राहिल्या. तिच्या सगळ्या चाचण्या पास. मी दिलेल्या पण पास. माझं डोकं फिरायची वेळ आली. मग सहज आपला रोझरीचा प्रोग्राम चालवला, जुना, मी केलेला. आठवतो? ऑक्टोबरात रोझरीच्या प्रार्थनेसाठी चर्चमधल्या माऊलीची मूर्ती आळीत रोज संध्याकाळी एका घरी जाते. घरं जास्त, महिना छोटा, म्हणून यंदा जिथं थांबते तिथून पुढच्या वर्षी सुरू. आणि पहिलं घर कोणाचं, शेवटचं कोणाचं, ह्यावरून भांडण. म्हणून मी यादीला शेवटच ठेवला नव्हता. शेवटच्या घरानंतर परत पहिलं घर, असं गोल, कायमचं. न संपणारी यादी. कंपायलरला म्हणायचं, यंदापुरती घरं दे. तो तेवढीच गाठोडी सोडतो, बाकीची बांधलेली राहतात, कोणाला त्रास नाही.

तिच्या अंदाजासकट चालवला आणि लटकला. पंखा ओरडायला लागला. मी चहा करून आलो, तरी लटकलेलाच.

कारण साधं आहे. तिचा अंदाज ओळखतो की यादी नक्की लागणार. बरोबर. पण यादी लागणार म्हणजे यादी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी लागणार असं तो धरून चालतो. पाहुण्याला एक केळं पाहिजे तर ही बाई सगळी वाडी तोडायला निघते. साध्या यादीत कळत नाही, उलट भराभर होतं. पण शेवट नसलेली यादी शेवटपर्यंत कशी करणार? आणि असली यादी लिहितो कोण? आपल्या आळीतलाच माणूस लिहितो.

एवढी हुशार मुलगी आणि हे दिसलं नाही. मला दिसलं. मी इतका खूश आहे की मांजराला दूध दिलं.

आता हे तुला सांगितलं तर काय होणार? तू तिला सांगशील. ती दुपारी स्टुलावर बसून दुरुस्त करील, खाली कारण लिहील, आणि तू मला लिहिशील, ‘ॲनिशानं किती छान सोडवलं बघ.’

*

गोकर्ण, १२ सप्टेंबर

शेल्या,

तपासलं. काही नाही सापडलं. छान काम आहे. जोड.

कार्यक्रमाला यायला जमणार नाही, बोटीचं ठरतंय. शुभेच्छा. स्टेजवर तिलाच बोलायला दे, तिचं काम तिनंच दाखवलेलं बरं.

केनी

*

सांडोर, २९ सप्टेंबर

केनी,

काल दिवसभर फोन लावला, उचलला नाहीस. म्हणून लिहितो.

ॲनिशा स्टेजवर आलीच नाही. तिला माईक आवडत नाही, आणि ती म्हणाली, ही तुमची भाषा, तुम्हीच दाखवा. ती मागं दाराशी उभी होती. दाखवलं मी.

आता तुला एक सांगतो, जे मी मुद्दाम लपवलं होतं. मोठी बेरीज वगैरे दाखवायचा माझा विचार नव्हता. लोकांना बेरजेचं काय? मी तुझा रोझरीचा प्रोग्राम दाखवणार होतो. ह्या ऑक्टोबरच्या पाळ्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर काढायच्या, मोठ्या पडद्यावर, आणि सांगायचं की हे केनीनं केलंय. गेले कित्येक दिवस मी ऑगस्टीन काकांच्या मागं लागलो होतो. तुम्ही एकदा या, तुम्हाला कळेल तो काय करतो. शेवटी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पहिल्या रांगेत. ॲनिशालाही सांगितलं नव्हतं, ती उगाच तुला कळवील म्हणून.

मी बोललो. केळफुलाचं सांगितलं, गाठोड्याचं सांगितलं, लोकांना कळलं, माना हलत होत्या. मग म्हटलं, ही घरांची यादी कधी संपत नाही, जसं आपल्या आळीत माऊलीचं फिरणं संपत नाही, आणि हे सुचलं कोणाला, तर काकांच्या केनीला. काकांनी मान खाली घातली. मला वाटतं हसत होते. मी बटण दाबलं.

काही झालं नाही. पडदा काळा. मी परत दाबलं. आळीतला फ्लॉईड मागून म्हणाला, माऊली नायगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकली वाटतं. सगळे हसले. मग हसूही थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं.

काका उठले. माझ्याजवळ येऊन हळू बोलले, पण माईक चालू होता.

“त्याचं सगळं असंच. सुरू होतं, संपत नाही.”

आणि गेले. संध्याकाळी मी घरी गेलो तर वाडीत होते, म्हणाले, काम आहे.

दोष माझाच. प्रोग्राम मी जुन्या केळफूलवर चालवून बघितला होता, तेव्हा झक्क चालला होता. अंदाज जोडल्यावर परत बघायला हवा होता. पण तू तपासलंय म्हटल्यावर मला गरज वाटली नाही.

तुझ्या प्रोग्राममध्ये कुठं काय चुकलं असेल, सवडीनं बघ. काकांना मला काहीतरी सांगता आलं पाहिजे.

शेल्डन

*

निर्मळ, २ ऑक्टोबर

केनी,

मी ॲनिशा. आपण कधी बोललो नाही, तरी अरेतुरे करते, कारण माळ्यावर तुझ्याबद्दल इतकं ऐकलंय की अहोजाहो केलं तर मलाच हसू येईल. शेल्डनचं कुठलंही वाक्य ‘केनी असता तर’ नं सुरू होतं. स्पष्ट सांगते, मला तुझा कंटाळा आला होता. मी चार दिवस डोकं फोडून काहीतरी करायचं, आणि हा म्हणणार, केनीला हे गाठोड्यातून सुचलं असतं. तुझी ती खुर्ची दुरुस्त करून ठेवलीय, तिच्यात बसायची कोणाची हिंमत नाही. मी स्टुलावर.

असो. लिहायचं कारण वेगळं. तुझ्या प्रोग्राममध्ये काहीही चूक नाही. रविवारपासून मी तेवढंच बघत होते. चूक माझ्या अंदाजात आहे. यादी लागणार हे ओळखलं की माझा कोड ती शेवटपर्यंत सोडवायला घेतो. पहिलं गाठोडं सोडून थांबायला हवं, पुढचं मागितलं तर पुढचं. मी प्रत्येक चाचणीत संपणारी यादी दिली. न संपणारी यादी द्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे मूर्ती फिरते तेव्हा दर वर्षी पहिल्या घरापासूनच सुरू करतात.

दुरुस्ती केलीय. तुझ्या पाळ्या आता डोळा लवेपर्यंत येतात आणि मोठी बेरीजही आधीसारखीच चालते. काल शेल्डनला दाखवलं.

तू माझा कोड तपासला होतास असं तो म्हणाला. तुझ्यासारख्याच्या नजरेतूनही सुटलं, म्हणजे बग खरंच लपलेला होता. ह्या आठवड्यात मला तेवढाच आधार आहे.

येत्या रविवारी मिस्सानंतर मी सांडोरला तुझ्या पप्पांकडे जाणार आहे. लॅपटॉप घेऊन. त्यांना दाखवणार की त्यांच्या मुलाचं काम बरोबर होतं आणि अडकलं ते माझ्यामुळं. ते सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल जे बोलले ते माझ्या चुकीवर बोलले. ते तसंच राहू द्यायचं मला जमणार नाही. तुझी हरकत नसेल असं धरते.

ॲनिशा

*

कुमटा, बसस्टँड, ३ ऑक्टोबर

ॲनिशा,

हरकत आहे.

शेल्डनलाही हेच पाठवतोय, त्यामुळं तुला त्याला काही सांगावं लागणार नाही.

बग माझ्या नजरेतून सुटला नव्हता. मला सापडला होता, कार्यक्रमाच्या बराच आधी. हाच प्रोग्राम चालवून सापडला. कारणही तेच, तू लिहिलंस ते. मी शेल्डनला पत्रसुद्धा लिहिलं होतं आणि पाठवलं नाही. त्याऐवजी लिहिलं, छान काम आहे, जोड. वर असंही लिहिलं की स्टेजवर तिलाच बोलायला दे. तू लोकांसमोर उभी असताना ते लटकावं असं मला वाटत होतं. पुढं तू काय करशील, कशी दिसशील, ह्याचा मी रंग देताना विचार करायचो आणि भिंतीवर ओघळ यायचे. तुझा चेहरा माहीत नाही, तरी. उभा राहिला शेल्या. आणि बसले पप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून. तो शर्ट ते सणालासुद्धा घालत नाहीत.

तुला आधार हवा होता, तो मी काढून घेतला. माझ्यासारख्याच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.

तुझी दुरुस्ती बघितली. बसस्टँडवर, फोनवर, बारीक अक्षरांत. इथं एक म्हातारा शहाळी विकतोय, त्यानं विचारलं मुलीचा फोटो आहे का, एवढं टक लावून बघतोयस. चूक सापडल्यापासून मी स्वतःशी म्हणत होतो की दुरुस्ती मलाच येते, बाकी कोणाला नाही. माझ्या मनातली दुरुस्ती तुझ्याएवढी साधी नव्हती. तू तीन ओळींत केलंस. मला त्याचा राग येतोय, अजून, आत्ता लिहितानासुद्धा. जाईल असं वाटत नाही.

मडगावला पोचतोय, तिथून मिळेल ती गाडी. रविवारच्या आधी सांडोरला असेन. बोटीचं खोटं होतं, तिला मी आधीच नाही म्हटलं होतं.

तुला एकच सांगायचंय. पप्पांकडे जाऊ नको. तू गेलीस तर काय होईल मला पाठ आहे. ते तुला ओट्यावर बसवतील, आत जाऊन स्वतः चहा करतील, निघताना वेलची केळ्यांचा फणा देतील. दुसऱ्याच्या पोरासाठी स्वतःची चूक सांगायला निर्मळहून आलेली मुलगी. वर्षभर ते आळीत तुझं नाव काढतील. माळा तुला मिळाला, शेल्या मिळाला, अंदाज राहिला, तो चांगला आहे म्हणून राहिला. हे एक तरी घेऊ नको.

मला चहा मिळणार नाही. मी सांगितल्यावर ते आधी फावडं ठेवतील आणि मग शिव्या देतील, बराच वेळ, शेजारच्या वाडीत ऐकू जातील अशा. त्या शिव्या माझ्या आहेत. त्यांना हात लावू नकोस.

केनी